बदामाएवढी भीती

चांदवडकडचे ते गृहस्थ माझ्याकडे यायला लागले, तेव्हा मी माझ्या कामाला पार कंटाळलेली होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात त्या कंटाळ्याचाही हात होता.

पंचवटीत एका झेरॉक्सच्या दुकानावर माझी एक खोली आहे. जिन्याच्या तोंडाशी पाटी आहे: मानसशास्त्र आणि मेंदूविज्ञानावर आधारित लाइफ कोचिंग. अकरा वर्षं ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवलं. कायम होण्याची आशा संपली तेव्हा एक ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा केला आणि ही खोली घेतली. सुरुवातीला काम मनापासून आवडायचं. समोरचा माणूस त्याची अडलेली गोष्ट सांगायचा, मी पांढऱ्या फळ्यावर मेंदूचं चित्र काढून आत काय होतं ते समजवायचे, आणि त्याचे खांदे जरा सैल पडायचे. 'म्हणजे माझा दोष नाही तर,' असं बहुतेकजण दुसऱ्या भेटीपर्यंत म्हणतातच. पण सात वर्षं तेच चित्र आणि तीच वाक्यं. माझा आवाज मलाच नकोसा झाला होता. संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्याने काही विचारलं, तर मी नुसता हात वर करून त्याला थांबवायचे. तोही बिचारा सवयीने थांबायचा.

त्यांना घेऊन त्यांची मुलगी आली होती. ती अंबडला औषधाच्या कंपनीत कामाला होती आणि माझा एक व्हिडिओ तिने मोबाइलवर पाहिला होता. वडील चोपन्न वर्षांचे, बावीस वर्षं कांद्याच्या बाजारात लिलाव पुकारणारे. ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगांमधून हे पुढे चालायचे, मागे व्यापाऱ्यांचा घोळका. प्रत्येक गाडीपाशी थांबून भाव बोलायचा, व्यापारी चढवतील तसा चढवायचा, शेवटी ज्याची बोली जास्त त्याचं नाव मोठ्याने पुकारून पुढच्या गाडीकडे. एका गाडीला मिनिटभरही मिळत नाही, असं ती म्हणाली.

दोन महिन्यांपूर्वी एकाच सकाळी त्यांनी दोनदा चुकीच्या माणसाचं नाव पुकारलं होतं. शेतकरी आणि व्यापारी दोघंही अंगावर आले, लिलाव थांबला. दुसऱ्या दिवशी पहिल्याच गाडीपाशी त्यांचा घसा आवळला, तळहातांना घाम फुटला, तोंडातून शब्द निघेना. तेव्हापासून ते रजेवर होते.

"पप्पा घाबरलेत," मुलगी म्हणाली. "आधी असे नव्हते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्या चेहऱ्याकडे एकटक बघत होते. मग हळूच मान हलवून म्हणाले, "हो, भीतीच."

आम्ही बुधवारची दुपार ठरवली. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदेच्या काठावर, बाजार भरतो, त्यामुळे आमच्या गल्लीत रिक्षा आणि हातगाड्यांचा नुसता कल्लोळ असतो. ते बसने आडगाव नाक्यावर उतरायचे, तिथून रिक्षाने यायचे. पांढरा सदरा, पायांत स्वच्छ चपला. खुर्ची जरा पुढे ओढून माझ्या समोर बसायचे आणि तासभर माझ्यावरची नजर हलवायचे नाहीत.

खरं सांगते, इतकं चांगलं ऐकणारा क्लायंट मला कधी मिळाला नव्हता. बाकीचे बोलता बोलता मोबाइल बघतात, मधेच तोडतात, नेटवर वाचलेलं मलाच शिकवतात. हे शांत बसून मान हलवायचे. मी फळ्यावर मेंदू काढला. आत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग रंगवला आणि सांगितलं, धोका दिसला की हा आधी जागा होतो. समोर वाघ आहे की व्यापारी हे तो बघत नाही. त्या दिवशी सगळे अंगावर आले, ते याने लक्षात ठेवलंय, आता गाडी दिसली की हा घसा आवळतो. त्यांनी त्या बदामाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "एवढंसंच हाय होय?"

मी त्यांना श्वास सोडायचा सराव दिला. मग पायरीपायरीने पुकारा: आधी घराच्या गच्चीवर एकट्याने, मग बायकोसमोर, मग शेजारचे चारजण जमवून. त्यांनी सगळं नेमाने केलं. घरी आवाज खणखणीत निघतो, असं मुलीने फोनवर सांगितलं. म्हणजे घसा ठीक आहे, अडचण भीतीचीच, असं मी वहीत लिहिलं आणि स्वतःवर खूशही झाले.

चौथ्या बुधवारी मला सर्दी होती, म्हणून मास्क लावला होता. त्या दिवशी त्यांची उत्तरं वेडीवाकडी यायला लागली. परत त्या जागी उभं राहायचं म्हटलं की काय वाटतं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "हो हो, रोज सकाळी करतो ना." सहकाऱ्यांपैकी कुणाशी बोललात का विचारलं, तर म्हणाले, बस वेळेवर मिळाली. मला वाटलं, दुखऱ्या जागेजवळ आलो की माणूस असाच सटकतो. तसं शिकवतच आले होते मी वर्षानुवर्षं. मी त्यांना सौम्यपणे म्हटलं की भाऊ, तुम्ही विषय टाळताय. त्यांनी मान हलवली. वहीत मी लिहिलं, 'आतून विरोध आहे.' मग डोकं दुखत होतं म्हणून वेळेआधीच भेट संपवली.

पाचव्या बुधवारी त्यांच्याबरोबर त्यांची बायको आली. तिला बाजारात काही घ्यायचं होतं. ती दाराशीच उभी राहिली, एका हातात मेथीची जुडी. मी ठरल्याप्रमाणे बोलायला सुरुवात केली. खाली रिक्षा एकमेकींत अडकून हॉर्न वाजवत होत्या. दोनेक मिनिटं झाली असतील. ती म्हणाली, "ताई, डाव्या कानानं नाय ऐकू येत त्यांना. उजव्या अंगाला बसा."

मी बोलायची थांबले.

"तुमाला ठाऊक नव्हतं?" तिने विचारलं. तिचा सूर आरोपाचा नव्हता, नवलाचा होता. "लय दिवस झाले. घरी टीव्ही एवढा मोठा लावत्यात की शेजारी ऐकत बसतो."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग खाली. मी उठले, खिडकी लावली आणि खुर्ची उचलून त्यांच्या उजव्या हाताला बसले.  विचारलं की माझं आतापर्यंतचं किती ऐकू आलं.

"निम्मं आलं असंल," ते म्हणाले. "तोंड बघून कळतं बरंच. मागच्या खेपेला तुम्ही तोंड झाकलं व्हतं."

"मग सांगितलं का नाहीत, भाऊ?"

 बायकोने मेथीची जुडी खाली ठेवली.

"घाबरतो म्हटलं तर लोक समजून घेत्यात, मॅडम. बहिरा म्हटलं की हसत्यात." मग फळ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही ते बदामाचं सांगितलं, ते मला बरं वाटलं. म्हटलं, हेच असू दे."

त्या रात्री मला राग आला, पण कुणाचा ते ठरवता येईना. त्यांनी लपवलं होतं, हे खरं. पण लपवायला छान जागा मीच करून दिली होती, चित्र काढून, रंग भरून. पहिल्या दिवशी त्यांनी 'भीतीच' म्हटलं, कारण मुलगी तसं म्हणाली होती आणि मला तेच ऐकायचं होतं. माझ्याकडे प्रत्येक अडचणीचं तयार चित्र होतं. ते वापरून वापरून मी इतकी दमले होते, की समोरचा माणूस आधी साधा तपासून घ्यावा हेही मला उरकलं नव्हतं.

दोन दिवसांनी मी त्यांच्याबरोबर बाजारात गेले. खरं तर पहिल्याच आठवड्यात जायला हवं होतं. ट्रॅक्टर चालू, लाउडस्पीकरवर सूचना, हमालांची ओरड, आणि मधे तो घोळका. त्यांच्या जागी एक तरुण पुकारत होता. व्यापारी मोठ्याने बोलतच नव्हते. कुणी ओठांतल्या ओठांत भाव पुटपुटत होता, कुणी एक बोट उचलत होता, एकजण तर नुसती मान तिरकी करायचा. मला दोन्ही कान असून काही कळलं नाही. ते मात्र माझ्या शेजारी उभे राहून अचूक सांगत होते, आता याने चढवला, आता त्याने सोडला. बावीस वर्षं त्यांनी हे डोळ्यांनी निभावलं होतं. मास्कच्या दिवसांत पहिल्यांदा त्यांची पंचाईत झाली होती, पण तेव्हा सगळ्यांचंच सगळं चुकत होतं, म्हणून खपून गेलं. पुढे कान आणखी उतरला आणि एका सकाळी पाठीमागून आलेल्या दोन बोल्या सुटल्या.

कानाच्या डॉक्टरांकडे मी आणि त्यांची मुलगी सोबत गेलो. डावा कान बराच गेला होता, उजवा निम्म्याच्या आसपास. एकाच कानाचं इतकं जास्त का, म्हणून डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅनही करायला लावला. त्यात काही निघालं नाही. फिल्म हातात आली तेव्हा आम्ही दवाखान्याच्या खिडकीशी उभे होतो. त्यांनी ती उजेडात धरली आणि मला विचारलं, "मॅडम, ते बदाम कुठं हाय?"

मी पाहिलं. करड्या रंगाच्या वळ्यांची वीसेक चित्रं होती. एवढी वर्षं मी लोकांना मेंदू काढून दाखवत होते आणि क्लायंटचा खरा मेंदू पहिल्यांदाच हातात धरत होते.

"मला नाही शोधता येत," मी म्हटलं.

"असू द्या," ते म्हणाले आणि फिल्म पाकिटात घातली.

त्यानंतरच्या बुधवारी आम्ही फळ्याला हात लावला नाही. बाजार समितीच्या ऑफिसात जाऊन सांगायचं होतं, एवढंच काम होतं. पहिल्यांदा ते म्हणाले की मुलगी सांगेल. नंतर म्हणाले, चिठ्ठी देतो. शेवटी आम्ही एकच वाक्य ठरवलं: 'मला कमी ऐकू येतं, तुम्ही उजव्या बाजूला येऊन बोला.' ते वाक्य त्यांनी माझ्यासमोर म्हटलं, बायकोसमोर म्हटलं, बसच्या कंडक्टरला म्हणून पाहिलं. कंडक्टरने काही न म्हणता उजव्या बाजूला येऊन तिकीट दिलं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी जे शिकले होते त्यातलं जे खरोखर उपयोगी पडलं ते एवढंच: मोठी गोष्ट लहान करायची आणि ती आधी सोप्या जागी करून बघायची. त्याला मेंदूचं चित्र लागलं नाही.

कानांची मशीनं आली तेव्हा आणखी त्रास. कुकरची शिटी डोक्यात घुसायची, प्लास्टिकची पिशवी चुरगाळली तरी ते दचकायचे. चार दिवसांत त्यांनी ती डब्यात ठेवून दिली. मी त्यांना समजावलं की इतकी वर्षं जे आवाज आलेच नाहीत, ते आता मेंदूला नव्याने ओळखायचे आहेत. कुठला घ्यायचा, कुठला सोडायचा हे त्याला परत शिकावं लागेल. रोज थोडा वेळ, आधी शांत खोलीत. हे सांगताना मी दर दोन वाक्यांनी थांबून त्यांना विचारत होते की काय ऐकलं ते सांगा. त्यांनी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा हात वर केला.

"आता पुरे, मॅडम. ऐकून ऐकून दमायला होतं."

मला हसू आलं आणि बरंही वाटलं. "मलाही, भाऊ. बोलून बोलून."

ते वाक्य त्यांनी ऑफिसातही म्हटलं, पण ऑफिसने त्यांना पुकारा परत दिला नाही. मशीन लावूनही त्या गोंगाटात त्यांना बोल्या वेगळ्या काढता येत नव्हत्या. हसलं मात्र फारसं कुणी नाही. जे दोघं त्या सकाळी अंगावर आले होते, त्यातल्या एकाने स्वतःच्या वडिलांच्या मशीनची चौकशी केली. यांना गाड्या वजन करायच्या भुईकाट्यावर बसवलं. तिथे काचेची खिडकी आहे, एका वेळी एकच गाडी, एकच ड्रायव्हर समोर. घसा आवळणं हळूहळू थांबलं. आवळायला पुकाराच उरला नव्हता, म्हणून थांबलं की सरावाने थांबलं, हे मला सांगता येणार नाही.

माझ्या फॉर्ममध्ये आता सुरुवातीलाच कान, डोळे, झोप, औषधं हे प्रश्न असतात. काहीजण वैतागतात, आम्ही मनाचं बोलायला आलोय, दवाखान्यात नाही, म्हणतात. पाटी तीच आहे. फळाही आहे, आणि त्यावर मी अजून मेंदू काढते, कारण पुष्कळ लोकांना त्याचा खरंच उपयोग होतो. फक्त त्याने कुणाला फार लवकर बरं वाटलं, की मला जरा धास्ती वाटते.

या हिवाळ्यात एका बुधवारी ते दोघं गंगेवरच्या बाजाराला आले होते. बायको खाली भाजी घेत होती, ते एकटेच वर आले. भेट ठरलेली नव्हती. दोन क्लायंटच्या मधला अर्धा तास माझ्याकडे होता आणि मी टेबलावर डोकं टेकून बसले होते. खालून चहा मागवला. कसं चाललंय विचारलं.

"बरं हाय," ते म्हणाले. "पण काटा तो काटा. पुकारा तो पुकारा."

चहा आला, मी एक कप त्यांच्याकडे सरकवला. थोड्या वेळाने त्यांनी दोन्ही कानांतली मशीनं काढली, रुमालावर ठेवली.

"जरा वेळ काढून ठेवतो. तुमी बोलणार नाय ना?"

मी मान हलवून नाही म्हटलं. आम्ही चहा प्यालो. जिन्यात पुढच्या क्लायंटची पावलं वाजेपर्यंत दोघांपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. पावलं फक्त मलाच ऐकू आली. मी त्यांच्या हाताला हात लावून दाराकडे बोट केलं, तेव्हा ते उठले.