साठ रुपयांचे बगळे

मे महिन्यातला रविवार, साल २०१५. रक्कम साठ रुपये. हजर: तो, त्याच्या दोन मुली आणि मी. त्याची बायको हॉस्पिटलात ड्यूटीवर होती, म्हणजे घरात शहाणं माणूस त्या वेळी मी एकटाच.

मी गेलो होतो मेंटेनन्सचा चेक आणायला. खांदा कॉलनीतल्या आमच्या सोसायटीचा मी तेव्हा खजिनदार. दार उघडल्यावर त्याने नेहमीसारखा ओला ब्रश वर धरला आणि म्हणाला, "एवढं सुकू दे काका, मग बसू." हे त्याचं सगळ्यावरचं उत्तर. टाकीची वर्गणी मागा, जिन्यातल्या सायकलींचं बोला, "सुकू दे आधी." माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी लहान असेल, पण मला काका म्हणायचा. त्याचा चेक एकदा बँकेने परत पाठवला, कारण सहीवर हिरवा अंगठा उमटला होता.

तुमच्या बिल्डिंगमध्येही असा एक असेलच. पाहून घ्या, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

द्रोणागिरीच्या एका गोदामात तो मालाच्या नोंदी ठेवायचा. सकाळी सहाला कंपनीची बस, संध्याकाळी सहाला परत. बायको नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या. थोरली मुलगी आठ वर्षांची, धाकटी पाच. डबे, वेण्या, गृहपाठ यांतून जो वेळ उरेल त्यात हा स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या अर्ध्या भागावर जलरंगात चित्रं काढायचा. उरलेल्या अर्ध्यावर कणकेची परात. ब्रश बुडवायचा कप कुठला आणि चहाचा कुठला, हे त्याला कळत नसे. एकदा माझ्यासमोर त्याने निळं पाणी प्यायलं आणि म्हणाला, "साखर राहिली वाटतं."

आणि चित्रं काय? टमटममध्ये छत्री उघडून बसलेली म्हैस. रेशनच्या रांगेतलं कासव. गॉगल लावलेला बोंबील. दोन मुलींचा बाप, पस्तिशी उलटलेली, आणि बोंबलाला गॉगल! ही चित्रं तो इंटरनेटवर विकायला ठेवायचा. लोक खाली "किती गोड" असं लिहायचे. गोड लिहायला पैसे पडत नाहीत, म्हणून बहुतेक जण तेवढंच करून थांबायचे.

पण माझा खरा संताप किमतींवर होता. म्हैस साडेचारशे, बोंबील नव्वद. कासव दोनशे, आणि त्याच मापाचं, त्याच कागदावरचं मांजर अकराशे. मी वर्षभर पाहत होतो, यात काही सूत्र सापडत नव्हतं. शेवटी विचारलं.

"किमती मुली लावतात," तो म्हणाला.

"मुली?"

"मला आकडा लिहायची लाज वाटते हो. त्यांना नाही वाटत."

पद्धत अशी. चित्र गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांनी लटकवायचं. दोघी समोर उभ्या राहणार. हा विचारणार, "हे गेलं तर किती रडू येईल?" धाकटी आधी तोंड वाकडं करून बघणार, मग थोरली ते रुपयांत सांगणार. जितकं रडू, तितकी किंमत. थोरली स्वतः कॉम्प्युटरवर आकडा टाकणार आणि हा बटण दाबणार. एकदा दाबलं की बदल नाही. मी त्याला कागद, रंग, पुठ्ठा, कुरिअर आणि त्याचे तास मांडून दाखवले. बोंबलावर त्याला एकशेदहाचा तोटा होता. त्याने माझा कागद लक्ष देऊन वाचला आणि त्याच्या मागे एक बेडूक काढला.

त्या मे महिन्यात मात्र गंमत करण्यासारखी परिस्थिती नव्हती. जूनपासून बायकोची दुपारची पाळी लागणार होती, दोन ते नऊ. शाळा सुटायची एकला. दुपारी दोन ते संध्याकाळी सहा दोन पोरी कुलपाच्या आत एकट्या. जवळचं कोणी नाही, आणि बाई ठेवण्याइतकं उरत नाही. तेव्हा त्याने ठरवलं, नोकरी सोडायची, घरी बसायचं आणि चित्रांच्या छापील प्रती विकायच्या. प्रती काढायला चांगला स्कॅनर आणि प्रिंटर हवा, दोन्हींचे मिळून अठरा हजार. मला विचाराल तर हा सगळाच बेत फुसका होता, पण निदान त्यात बेरीज होती.

आणि अठरा हजारांची सोयही झाली होती. बंगळूरच्या एका बाईंनी त्याची तीन चित्रं आधी घेतली होती. त्यांना मुलांच्या दवाखान्यासाठी मोठं चित्र हवं होतं. वीस हजारांपर्यंत देईन, रविवारी संध्याकाळी बघते, असं त्यांनी कळवलं होतं.

त्यासाठी त्याने महिनाभर एकच चित्र काढलं. मिठागरावर बगळ्यांचं लग्न. वाजंत्री, हळद, जेवणाच्या पंगती, सगळे बगळे. बेचाळीस, मी मोजले. पांढरा रंग कुठे लावलाय ते दिसेना, म्हणून विचारलं. म्हणाला, "बगळा रंगवायचा नसतो काका, कागद सोडायचा असतो." म्हणजे जिथे काम केलं नाही त्याचेच वीस हजार. तरी सांगतो, चित्र बरं होतं. मुंडावळ्या बांधलेला एक बगळा इतका घाबरलेला होता की मला माझं लग्न आठवलं.

त्या रविवारी चित्र दोरीवर होतं आणि पद्धतीप्रमाणे मुली समोर उभ्या. मला वाटलं, आज तरी हा माणूस आकडा स्वतः टाकेल.

"हे गेलं तर किती रडू येईल?" त्याने विचारलं.

धाकटीने तोंड वाकडं केलंच नाही. थोरलीने सरळ जाऊन आकडा टाकला. साठ.

"सहा हजार का गं?" मी म्हणालो. "शून्यं राहिली तुझी."

"साठच."

त्याचा हात माउसवर तसाच राहिला. "नक्की?"

"हो. ते जाऊ दे. लवकर जाऊ दे," ती म्हणाली आणि धाकटीला घेऊन आत गेली.

त्याने बटण दाबलं.

वीस मिनिटांत मुंबईच्या कोणी तरी ते घेतलं. वीस मिनिटं मी त्या घरात उभा राहून बोलत होतो.

"रद्द करा. चूक झाली म्हणून कळवा. दुकानदारही कळवतात."

"चूक नाही झाली काका."

"साठ रुपये! बेचाळीस बगळे! दीड रुपयाला एक पडला, त्यात अंडंही येत नाही!"

"तिने बरोबर लिहिलंय," तो म्हणाला. "महिना झाला मी त्यांच्याशी खेळलो नाही. रोज 'हे सुकू दे, मग' म्हणत होतो. त्यांना रडू कशाचं येणार?"

"मग जूनमध्ये त्या कुलपात बसणार, तेव्हा येईल की!"

यावर तो पुठ्ठ्याची नळी शोधायला लागला. कुरिअरला एकशेऐंशी रुपये गेले, ते त्याचेच. बंगळूरच्या बाईंना त्याने कळवलं की चित्र गेलं. कितीला गेलं ते लिहिलं नाही, एवढीच काय ती अक्कल.

इतका मूर्खपणा मी हिशेबाच्या वहीबाहेर पाहिला नव्हता. शब्द पाळायचा तर घेणाऱ्याशी पाळतात, देणाऱ्याशी पाळतात. याने तो पाळला आठ वर्षांच्या पोरीशी, तोही तिच्याच नुकसानीसाठी. माझ्या बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्या मुलाने अशी किंमत लावली असती तर तुमची किती झाली असती?" बायकांना हिशेबातलं कळत नाही. मी विषय तिथेच थांबवला.

नोकरी अर्थातच सुटली नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी जागा सोडली. उलव्यात स्वस्तात भाड्याने मिळाली, अजून समोर खडी आणि सळया पडलेल्या अशा बिल्डिंगमध्ये. तिथून गोदाम जवळ. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो मोटरसायकलने घरी येणार, पोरींना वाढणार, परत जाणार. बायकोचा प्रवास वाढला. ती म्हणाली, "माझं होईल हो, यांचं बघा." चित्रांचं काय, असं मी विचारलं नाही.

टेम्पो भरत होते तेव्हा खाली उतरलो. थोरलीच्या हातात राहिलेल्या चित्रांची फाईल होती. वरचं चित्र मी पाहिलं. चष्मा लावलेला खेकडा आठही पायांनी पावत्या फाडतोय. बिल्डिंगमधले काही जण त्यावर का हसायचे, ते मला ठाऊक आहे.

"केवढ्याला?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "पाचशे."

"याच मापाचं कासव दोनशेला गेलं."

"ते दुसऱ्यांकडे गेलं. हे तुमच्याकडे गेलं तर जास्त रडू येईल."

"का?"

"तुम्ही बाबाला ओरडता."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो टेम्पोची दोरी आवळत होता. "किंमत तीच लावते, काका," तो न वळता म्हणाला.

मी घासाघीस केली नाही. शंभराच्या पाच नोटा थोरलीच्या हातात दिल्या. तिने त्या दोनदा मोजल्या.