बदामांची बॅटरी
सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालणार नाहीत, हा नियम तेव्हा नवाच होता. फिनिक्सच्या विमानतळावर माझ्यापुढे एक काका होते, मुलाकडे सहा महिने राहून पुण्याला निघालेले. त्यांची बॅग चार पाउंड जास्त भरली आणि केबिन बॅगेत तर टाचणीलाही जागा नव्हती. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बॅगेतून एक गाठोडं काढलं.

"लॅपटॉपची बॅटरी. ही हातातच न्यायची ना?"

काउंटरवरच्या बाईने कौतुकाने मान डोलावली. बॅटरीला धक्का लागू नये म्हणून भोवती शाल, दोन स्वेटर आणि बदामांची पाकिटं होती. बॅग वजनात बसली.

मला हसू फुटलं, तसे काका हळूच म्हणाले, "बॅटरी केव्हाच मेलीय हो. नियम जिवंत आहे ना!"

जुन्या बॅटऱ्या मी हल्ली फेकत नाही.