फौजेच्या गाडीमागं आमचा ऑटो

गोंदियाहून गाडी सुटली अन मी पोरीले घट्ट धरलं. एकटीनं एवढा प्रवास पहिल्यांदाच. कडेवर सई, खांद्याले पिशवी, पिशवीत तिचं दूध अन तिच्या बाबासाठी चिवडा.

सईचे बाबा फौजेत आहेत, इंजिनियरवाल्या पलटनीत. थे लोक पूल टाकतात, सुरुंग काढतात, खंदक खोदतात. हे त्यातल्या खंदक खोदाच्या मशीनीवर ड्रायव्हर. सई आठ महिन्यांची झाली तरी त्यायले सुट्टी भेटली नाई, पोरीले फक्त फोनवरच पायलं. आता त्यायचा ताफा रायपूरकडं जाऊन राहिला होता अन दुपारी भिलाईत रोडच्या बाजूच्या मैदानात जेवाले थांबनार होता. तेवढ्यात पोरगी दाखवाची, बस.

दरेकसाच्या बोगद्यात अंधार झाला तं सई हसत होती, मीच घाबरली. डोंगरगडची पहाडी गेली, राजनांदगाव गेलं, मंग दुर्गले उतरली. मावससासरे घ्याले आले होते. आमी त्यायले मामाजी म्हनतो.

त्यायचं घर बाजूलेच भिलाईत, सेक्टर दहामधे. रस्ते सरळ, झाडं मोठी, अन सगळे क्वार्टर एकसारखे, मी तं एकटी हरवलीच असती. आत्याबाईनं (मामाजीच्या बायकोनं) फरा केला होता (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके), संगं टमाटरची चटनी. चव भारी, पन माहं ध्यान घड्याळाकडं. मी म्हनलं, मामाजी, निघाचं काय? मामाजी पोलादाच्या प्लांटमधे डोझर चालवतात, त्यायले मशीनीचं सगळं माहीत.

"खोदायचीच मशीन चालवते ना थो? मंग ट्रेलरवर लादून आनतीन. जेसीबी रोडवर पळते काय वं कधी? कासव परवडलं. सावकाश जेव."

मोठ्या मानसासमोर काय बोलावं? मी अजून एक फरा घेतला.

ऑटो करून मैदानात पोचलो तं मैदान खाली. मातीत चाकाचे हे एवढाले ठसे अन एक चहावाला. मामाजीनं त्याले ट्रेलरचं विचारलं.

"ट्रेलर कहाँ बाबूजी, मशीन खुद भाग के गई. ट्रक के बराबर. अभी-अभी निकले."

फौजेतली अशी मशीन बनवतातच यासाठी, सईच्या बाबानं मंग सांगतलं, ट्रकाच्या अन रणगाड्याच्या मागं पडू नये म्हनून. मामाजी ठशाकडं पाहत राहिले. मले रडू येऊन राहिलं होतं, पन रडाले टाइम कुठं होता? मी ऑटोत बसली अन म्हनलं, भैया, पकडो उनको.

"बइठ न बहिनी, नोनी ला बने धर," ऑटोवाला म्हने (नोनी म्हंजे पोरगी, बने धर म्हंजे नीट धर). मंग जो पळवला त्यानं! पुलावर चढला, पुलावरून उतरला, माहे डोळे बंद, मामाजी ऑटोच्या दांड्याले धरून. सईच तेवढी खुश.

अन पुढं पायतो तं फौज उभी. रोडाच्या मधोमध गाई बसल्या होत्या, दहा-पंधरा, रवंथ करत. खंदक खोदनारी, पहाड फोडनारी फौज गाईपुढं हारली होती. एक जवान उतरून हात जोडत होता, "उठ जा माता, उठ जा."

सगळ्यात मागं थे मशीन. हिरवी, माह्या खांद्याएवढे चाकं, समोर मोठं खोरं, मागं दुमडलेला लोखंडी हात. ऑटो बाजूले लागला. वर जाड काचेमागं हे, नजर सरळ समोर. मी "अहो" म्हनलं. इंजिनाच्या घरघरीत कोनाले आयकू जाते? अजून एकदा म्हनलं. तिकडं गाई उठू लागल्या होत्या.

मी लग्नानंतर नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाई, उखान्याशिवाय. त्या दिवशी सईले दोन्ही हातानं वर उचललं अन पूर्ण गळा फाडून वरडली, "सुनील!"

त्यायनं पायलं. पयले मले, मंग सईले. काचेले हात लावला. अनोळखी मानूस दिसला की भोंगा पसरनारी माही पोरगी त्यायच्याकडं पाहून खदखदा हसली. मंग शेवटची गाय उठली, अन मशीन खरंच ट्रकासारखी पळाली.

चिवडा पिशवीतच राहिला. वापस येतानी मामाजीनं खाल्ला. म्हने, "फौजेतल्या मशीनी येगळ्या असतात बावा. पन तुहा आवाज बी कमी नाई."

संध्याकाळच्या गाडीत डोंगरगडच्या अलीकडं यायचा फोन आला.

"दात आले तिले. तू सांगतलंच नाई वं."

"दाखवाचे होते," मी म्हनलं.

मंग म्हने, "दिसले."

आता बाया विचारतात, भिलाईत काय काय पायलं? मी म्हनते, काईच नाई पायलं. आमालेच एका मानसानं पायलं, गाई उठेपर्यंत. तेवढ्यासाठी भिलाई काई दूर नाई.