जन्मदाखला शोधत पेण ते रोहा, व्हाया आईचं माहेर

लोक मला विचारतात, कोकणात कधी जावं, कुठं राहावं, काय खावं. सांगते, सगळं सांगते. पण आधी एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. कोकणात मासे खायला जा, समुद्र बघायला जा, नुसतं लोळायला जा. कागद आणायला जाऊ नका. गेलात तर माझ्यासारखे दातओठ खात परत याल.

मी आयर्लंडमध्ये कॉर्कला राहते, औषधांच्या कंपनीत कामाला आहे. माझं कामच मुळी कागद तपासायचं. कुठल्या नोंदीत एक सही कमी असली तरी मी अख्खा माल अडवून धरते, त्यामुळे कंपनीत माझ्यावर कोणाचं फार प्रेम नाही. तर अशा मला तिथल्या नागरिकत्वाचा अर्ज भरायचा होता. त्यात दोन कटकटी. एक, पुराव्यांचा ढीग. दुसरी, अर्जाच्या आधीच्या वर्षात देशाबाहेर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. राहिलात तर पुन्हा पहिल्यापासून वर्ष मोजा. पावसाळ्यात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यातले बरेचसे दिवस मी पेणला घालवले होते. उरले होते थोडेच. आणि नेमकी तेव्हाच तिथल्या वकीलबाईंची मेल आली, जन्मदाखला जोडलेला नाही, तो लागेलच.

जन्मदाखला! माझा पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघालेला. जन्मदाखला नावाची वस्तू आमच्या घरात कोणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. "अगं, आता सगळं ऑनलाइन मिळतं," असं मला निदान दहा जणांनी सांगितलं. त्या दहाही जणांना एकदा ऑनलाइन शोधायला बसवायचंय मला. म्हणजे कागदासाठी भारतात जायलाच हवं, आणि तिथं जास्त रेंगाळले तर कागद हातात असूनही अर्ज बाद. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी आठवड्याची सुट्टी काढली आणि निघाले.

मुंबईत उतरलात तर पहाटेच पनवेल ओलांडा, म्हणजे पेण नाश्त्याच्या वेळेला गाठता येतं. रस्ता पेणपर्यंत आता बरा आहे. पुढे वडखळनंतरचं मला विचारू नका, माझी पाठ अजून तक्रार करते. पेणला आमचं घर गणपतीच्या कारखान्याला लागून आहे. जानेवारीत तिथं रंग न दिलेले पांढरे गणपती ओळीनं वाळत बसलेले असतात, ते बघायला जरूर जा, कोणी हाकलत नाही. बाबा गेल्यापासून आई तिथं एकटी राहते. मी आत पाऊल टाकलं तर ती म्हणाली, "आलीस? कधी जानार?"

ही आमच्याकडची स्वागताची पद्धत आहे असं समजा.

तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाता खाता मी विचारलं, "आई, माझा जन्म कुठं झाला गो?" नक्की करून घ्यावं म्हणून.

"रोह्याला. पयलं बाळंतपन म्हायेरीच आसतं ना."

पासपोर्टवरही रोहाच होतं. झालं तर मग, म्हटलं, उद्या रोहा.

पेणहून रोह्याला जायला मेमू गाडी आहे. कासू, नागोठणे, निडी आणि रोहा. तिकीट चहापेक्षा थोडंच जास्त, खिडकीतून कडेकडेनं वालाची शेतं, नागोठण्याजवळ अंबा नदी आणि मागे कंपनीच्या चिमण्या. या प्रवासाला मी पैकीच्या पैकी मार्क देते. मात्र गाड्या मोजक्याच. एक चुकली तर पुढची कधी, हे फलाटावर झोपलेल्या कुत्र्यालाच विचारा, कारण माणसं चौघं चार वेळा सांगतात.

रोह्यात नगरपालिकेच्या जन्मनोंदणी कार्यालयातली बाई भली होती, हे आधी सांगते. माझं नाव, बाबांचं नाव, साल, सगळं घेऊन तिनं जुनी पुस्तकं काढली. मध्ये वीज गेली, मग आली, मग जेवणाची सुट्टी झाली. मी बाजारात जाऊन थाळी खाल्ली (कोलंबीचं कालवण फक्कड, भात मागाल तितका), कुंडलिका नदीच्या काठी बसून घड्याळ बघितलं आणि परत गेले.

"नाही हो ताई. मागचं-पुढचं सालही बघितलं. तुम्ही नक्की रोह्यातल्याच ना?"

मी बाहेर येऊन आईला फोन लावला. "आई, कुठल्या दवाखान्यात झाले मी?"

"दवाखान्यात कशाला? घरी झालीस. सुईनीच्या हातावर."

"कुठल्या घरी?"

"आता म्हायेरचं घर कुटं हाय ते पन सांगू? निडीच्या पुढं!"

"मग रोह्याला कशाला म्हणालीस?"

"मंग तालुका कुटला गो?"

मी रस्त्यात कपाळावर हात मारून घेतला. शेजारच्या भाजीवालीनं चौकशीच्या नजरेनं बघितलं. एक अख्खा दिवस गेला, आणि माझ्याकडे दिवसच तर नव्हते. वाचकहो, तुमच्या गावची माणसं तालुक्याचं नाव सांगतात की गावाचं, हे विमानाचं तिकीट काढायच्या आधी विचारून घ्या.

तिसऱ्या दिवशी आईलाच बखोटीला धरून नेलं. निडी स्टेशनला उतरून रिक्षा मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. भरली म्हणजे आपल्याला वाटते तशी भरलेली नव्हे, ड्रायव्हरला वाटेल तशी. गावाचं नाव लिहीत नाही, मामा रागावेल. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, थोडी भातशेती आणि बाकी वेळ कंपनीत कंत्राटावर. तो नाक्यावर उभाच होता. त्याच्या शेजारी एक ठेंगणी म्हातारी, पारूमावशी, आईची लहानपणची मैत्रीण. तिनं आईला बघून तोंडाला पदर लावला.

"द्वारके! म्हातारी झालीस गो!"

"तू काय कोवळी हायस काय?" आई म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

माहेरी आई द्वारका. हे मला लहानपणापासून माहीत होतं. लग्नात नाव बदललं आणि पेणला ती सुनंदा झाली. आमच्याकडे निम्म्या बायकांचं असंच असतं, कोणाला त्यात काही वाटत नाही. मलाही तोवर वाटलं नव्हतं.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक जागेवर होते, देव पावला. जुनं पुस्तक निघालं, आणि त्यात मी निघाले! माझं नाव बरोबर, तारीख बरोबर, बाबांचं नाव बरोबर. मी अगदी टुणकन उडायच्या बेतात होते, तेवढ्यात पुढच्या रकान्यावर नजर गेली. आईचे नाव, द्वारका.

पासपोर्टवर सुनंदा. शाळेच्या दाखल्यावर सुनंदा. आईच्या आधारवर सुनंदा. आणि ज्या एका कागदासाठी मी समुद्र ओलांडून आले, त्यावर द्वारका.

"कोणी सांगितलं हे नाव?" मी ओरडलेच.

"आबांनी नोंद केली," मामा म्हणाला. आबा म्हणजे माझे आजोबा. "त्यांची पोरगी द्वारकाच ना? त्येंच्या तोंडात दुसरं नाव कदी बसलंच नाय."

"बदलून द्या ना," मी ग्रामसेवकांना म्हटलं.

"नोंद खोटी असती तर बदलली असती, मॅडम. ही खरी आहे." ते शांतपणे म्हणाले, आणि मला त्या शांतपणाचाच राग आला. दाखला मात्र त्यांनी दुपारपर्यंत सही-शिक्क्यानिशी दिला. मामाच्या घरी वालाचं बिरडं होतं. इतकं सुरेख बिरडं मी इतक्या वाईट तोंडानं कधी खाल्लं नसेल.

कॉर्कच्या वकीलबाईंना मेल केली. उत्तर आलं, द्वारका आणि सुनंदा एकच आहेत असं आईचं प्रतिज्ञापत्र द्या, तिला ओळखणारे दोन साक्षीदार घ्या. म्हणून चौथ्या दिवशी आम्ही सगळे, मी, आई, मामा आणि नवी साडी नेसलेली पारूमावशी, रोह्याला एका वकिलांच्या ऑफिसात.

"लग्नाचं प्रमाणपत्र?" वकिलांनी विचारलं.

"नाय," आई म्हणाली.

"नाव बदलल्याचा काही पुरावा?"

"ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नाव ल्हिवलं की ह्यांनी. सगळ्या मांडवानं बघितलं."

"ते ठीक. पण पुरावा म्हणून काही राहिलंय का?"

"तांदूळ काय ठेवून देतात?" आईनं वकिलांकडे असं बघितलं की तेच खाली बघायला लागले. "दुसऱ्या दिवशी भात झाला आसंल."

मी हसावं की रडावं! पण वकिलांनी मजकूर केला, पारूमावशीनं मांडवात बघितलेलं साक्षीत सांगितलं, मामानं सही केली, मावशीनं अंगठा दिला. आईसमोर कागद आला आणि आई उठून बाहेर गेली.

बाहेर बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. मी म्हटलं, "आई, गाडी चुकेल. सही कर ना."

"ह्या सहीनं तू तिकडची होनार, नाय?"

"होईन. म्हणजे अर्ज तरी जाईल."

"आनि हितला पासपोर्ट?"

"परत द्यायचा. दोन ठेवता येत नाहीत."

"म्हंजी हितली तू कोन नाय." तिनं पिशवीचे बंद एकावर एक घातले. "आनि ती सही माजीच पायजेल. दुसऱ्या कोनाची नाय चालत."

माझा पारा चढला. चार दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. "अगं, कोणासाठी करतेय मी हे? पावसाळ्यात तुझे टाके निघायच्या आधी मी परत गेले, आठवतं ना? कशाला गेले?"

"नियम हाय म्हनालीस."

"हाच नियम! आणखी राहिले असते तर सगळं मुसळ केरात. तू इथं कण्हत पडलीस आणि मी विमानात बसून दिवस मोजत होते. मला ते पुन्हा नाही करायचं, आई. हा पासपोर्ट मिळाला की तुला नुसता ताप आला तरी येईन, बरं वाटेपर्यंत राहीन. तिकडे कोणी मोजणार नाही."

रस्त्यानं एक टेम्पो गेला. आई त्याच्याकडे बघत राहिली.

"मला वाटलं कंपनीचा नियम," ती म्हणाली. "आधी सांगायचं नाय, गाढवे?"

आणि आत जाऊन बसली. वकील म्हणाले दोन्ही नावांनी सही करा. सुनंदा तिनं झरकन केली. मग पेन थांबलं. चौथीत शाळा सुटल्यावर तिनं द्वारका हे नाव लिहिलंच नव्हतं. पारूमावशी वाकून म्हणाली, "जमतंय गो, लिव." आईनं हळूहळू द्वारका लिहिलं, ओठ हलवत, आणि कागद लांब धरून बघितला.

परतीच्या मेमूत खिडकी मिळाली. निडी मागे गेल्यावर आई म्हणाली, "माजं यका दिवसात झालं बघ. गाव गेलं, नाव गेलं. कोनी अर्ज नाय मागितला." मग थोड्या वेळानं, "तुजं नाव तरी तेच ऱ्हानार ना?"

"तेच राहणार."

"मंग बरं हाय," म्हणाली, आणि नागोठणं यायच्या आत घोरायला लागली.

मुंबईत कागदांवर पुढचे शिक्के घ्यायला आणखी नाकी नऊ आले, ते सांगत बसत नाही, वैताग पुन्हा नव्यानं येतो. दिवस मात्र हिशेबात बसले. कॉर्कला पोचले, अर्ज गेला. उत्तर कधी येईल देव जाणे. तुम्हाला असा प्रवास करायचाच असेल तर माझं ऐका. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी फोन करा, आईला पहिल्या दिवसापासून बरोबर न्या, आणि ती जरा गप्प झाली तर तिला काय झालं ते विचारा. शेवटचं मला कोणी सांगितलं नव्हतं.

अर्जात आईच्या नावाला एकच रकाना होता. मी सुनंदा लिहिलं, पासपोर्टला जुळायला हवं म्हणून. माझ्या कामातल्या सवयीनं दोनदा तपासलं, सगळं अगदी बिनचूक, आणि तरी त्या रकान्यापाशी जीव अडकून राहिला. रविवारी पेणला फोन लावला.

"हॅलो," मी म्हटलं, "द्वारका आहे का घरात?"

पलीकडे कारखान्यातलं पॉलिश पेपर घासणं ऐकू येत होतं. मग आई म्हणाली, "हाय. बोल."