सोफावाल्याची करसुधारणा

काम करताना सोफावाल्याच्या तोंडात बारीक खिळे असायचे. एकेक खिळा जिभेनं ओठांवर आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकाच्या टोकानं उचलायचा आणि रेक्झिनच्या कडेवर ठोकायचा. तोंडात खिळे असतील तेवढा वेळ गल्लीत शांतता. खिळे संपले की करांचा विषय निघालाच म्हणून समजा.

"फोमवर कर, कापडावर कर," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. "त्या दोन्हींचा सोफा केला की सोफ्यावर कर. सोफा विकून चार पैसे सुटले की त्या चार पैशांवर कर. आता माणूस सोफ्यावर बसतो, त्या बसण्यावर तेवढा लावायचा राहिलाय."

दुकानाच्या मागच्या बाजूला त्याची बायको शिलाई मशीनवर गाद्यांची कव्हरं शिवायची. तिला हे भाषण इतकं पाठ होतं की मधलं एखादं वाक्य गळलं तर मशीन न थांबवता ती आठवण करून द्यायची, "अहो, पाटी राहिली."

पाटीची हकीकत अशी. दुकानाच्या पाटीवर लांबीच्या हिशेबानं कर लागतो हे कळल्यावर सोफावाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. 'सोफा, खुर्ची, गादी दुरुस्ती व नवीन कव्हर' अशी ऐसपैस पाटी होती. त्यानं शिडी लावली, करवत घेतली आणि 'सोफा' एवढंच ठेवून बाकीची पाटी कापून टाकली. मग तयार सोफे विकत घ्यायला लोक येऊन रिकाम्या हातानं परत जाऊ लागले आणि दुरुस्तीची गिऱ्हाइकं पुढच्या चौकात जाऊ लागली. कर वाचला, धंदा बुडाला. बायकोनं हे त्याला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हा तत्त्वाचा प्रश्न आहे." तिनं तत्त्वापुढं हात टेकले.

त्याचा दुसरा राग सरकारी मदतीवर. समोरच छत्री दुरुस्त करणाऱ्याची टपरी होती. छत्रीवाल्याचा एक पाय अधू, म्हणून त्याला सरकारकडून महिन्याला काही रक्कम मिळायची. टपरी अर्धा दिवस बंद, आणि छत्रीवाला तीन दारं पलीकडं पत्त्यांच्या डावात.

"पत्ते खेळायला जाताना पाय बरा असतो," सोफावाला म्हणायचा. "मी लोकांना बसायला सोफे करतो आणि सरकार माझ्याच पैशांनी लोकांना बसवून ठेवतं. दे रे हरी खाटल्यावरी. आणि ते खाटलंही माझ्याच करातून."

नुसती तक्रार करून थांबणारा माणूस तो नव्हता. त्याच्याकडं उपायही होते. कराचा दर एकच असावा. हिशेब काडेपेटीच्या पाठीवर मावला पाहिजे. पैसा कुठं गेला ते भरणाऱ्याला कळलं पाहिजे. आणि मदत घेणाऱ्यानं बदल्यात काहीतरी काम केलं पाहिजे. हे उपाय ऐकून लोक त्याला अर्थमंत्री म्हणायला लागले. तो रागवायचा नाही. उलट जरा ताठ बसायचा.

आता गल्लीचं सांगायला हवं. नगरपालिकेचा झाडूवाला मोठ्या रस्त्यापर्यंत यायचा, आत वळायचा नाही. म्हणून गल्लीतल्या दुकानदारांनी मिळून एक मंडळ केलं होतं. सगळ्यांनी दरमहा वर्गणी द्यायची. त्यातून झाडलोट, दिवे, राखणदार, आणि एखादा दुकानदार अडचणीत आला तर त्याला थोडी मदत. मंडळाचे म्हातारे खजिनदार लेकीकडं राहायला गेले आणि ती जागा रिकामी झाली. सभेत कुणीच तयार होईना. सोफावाला मात्र उभा राहून बोलत होता की, ही वर्गणी म्हणजेसुद्धा करच. दिव्याची वेगळी, छपराची वेगळी, पायरीची वेगळी, कुणाला काही कळत नाही.

मंडळाचे अध्यक्ष औषधांचे दुकानदार. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग तुम्हीच का होत नाही खजिनदार?"

सभेत पहिलं हसू फुटलं ते सोफावाल्याच्या बायकोला. त्या हसण्यानंच घात केला. तो म्हणाला, "होतो की. कर नाही त्याला डर कशाला."

"आता कर आहे तुमच्याकडं," बायको म्हणाली. "डरायला लागा."

पहिल्याच महिन्यात त्यानं सगळ्या वेगवेगळ्या वर्गण्या काढून टाकल्या. मोठं दुकान असो की छोटं, रक्कम एकच. खरोखर काडेपेटीच्या पाठीवर लिहून त्यानं ती सगळ्यांना दाखवली. बेकरीवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या दुकानाला तीन शटरं होती आणि त्यांची वर्गणी एकदम निम्म्यावर आली होती.

जिन्याखाली घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा बसायचे. त्यांचं दुकान म्हणजे एक काचेचं कपाट, त्यामागं एक स्टूल आणि स्टुलावर ते. त्यांनी पहिल्या महिन्यात वर्गणी दिली. दुसऱ्या महिन्यातही दिली. तिसऱ्या महिन्यात सोफावाला गेला तर आजोबा दुपारीच कपाटाला कुलूप लावत होते.

"लवकर निघालात?"

"संध्याकाळी थांबलं तर दिवा लावावा लागतो. वर्गणी दिल्यावर आता विजेला उरत नाही," आजोबा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, आणि त्यामुळंच सोफावाल्याला ते जास्त लागलं.

त्या रात्री जेवताना त्यानं बायकोला विचारलं, "सगळ्यांना सारखं, यात वाईट काय आहे?"

"काही नाही," ती म्हणाली. "एकाच मापाचं कव्हर मी सोफ्याला पण घालते आणि स्टुलाला पण. बघा कसं दिसतं ते."

दुसऱ्या दिवशी त्यानं गळ्यातली टेप काढली आणि गल्लीतली सगळी दुकानं मोजली. नवा नियम: शटर जेवढं रुंद तेवढी वर्गणी. आजोबांची वर्गणी चिमूटभर झाली. बेकरीवाल्या बाईंची मात्र पुन्हा होती तिथं गेली. दुसऱ्या सकाळी त्यांनी तिसरं शटर उघडलंच नाही.

"माझं दुकान आता दोन शटरांचं," त्या पाव बांधता बांधता म्हणाल्या. "तिसऱ्यामागं नुसती पिठाची पोती आहेत."

"बाई, पोती आत ठेवायची आणि काऊंटर बंद करायचा? गिऱ्हाईक उन्हात रांगेत उभं राहतंय. तुमचंच नुकसान होतंय यात."

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे," बाई म्हणाल्या.

सोफावाला मागं वळला. शेजारच्या आपल्या दुकानातलं शिलाई मशीन थांबल्याचं त्याला स्पष्ट ऐकू आलं. बायको पोट धरून हसत होती. त्याच आठवड्यात त्यानं नव्या फळीवर पूर्ण नाव रंगवून घेतलं आणि लांब पाटीचा कर निमूट भरला. मग बाईंनीही तिसरं शटर उघडलं. पण कुरकुर थांबवली नाही. कुरकुर हा त्यांचा हक्क होता, हे तो जाणून होता.

वसुली हे मोठं दुखणं होतं. दुकान सोडून दारोदार हिंडायचं तर सोफे कोण करणार? लोक 'उद्या या' म्हणायचे. उद्या गेलं की मालक बाहेर गेलेले. एवढ्यात छत्रीवाला मंडळाकडं मदत मागायला आला. टपरीचा पत्रा गंजून गळत होता. छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यावरच पाणी, यावर गल्लीत बरेच विनोद झाले होते.

सोफावाला हीच वेळ बघत होता. "मदत मिळेल," तो म्हणाला. "पण बदल्यात काम करावं लागेल. वसुली तू करायची."

त्याला वाटलं, आता हा पायाची सबब पुढं करेल. छत्रीवाला म्हणाला, "चालेल दादा. पण मी बसत बसत करीन."

पहिल्या दिवशी खात्री करायला सोफावाला त्याच्याबरोबर निघाला. औषधांच्या दुकानापर्यंत छत्रीवाला नीट चालला. त्यापुढं त्याच्या कपाळावर घाम आला. कापडवाल्याच्या पायरीवर तो बसला, गुडघा दोन्ही हातांनी धरून सरळ केला आणि थोडा वेळ डोळे मिटून राहिला. सोफावाल्यानं त्याला आजवर टपरीपासून पत्त्यांच्या अड्ड्यापर्यंतच चालताना पाहिलं होतं. तीन दारं. तेवढंच तो चालू शकत होता.

"रोज असंच होतं?" त्यानं विचारलं.

"थंडीत जरा जास्त. म्हणून तर पत्ते, दादा. बसून दुसरं काय खेळणार? खो-खो?"

सोफावाला दुकानात परत आला. संध्याकाळी त्यानं एका जुन्या खुर्चीचं बूड काढून त्याला फोम लावला, हलकीशी घडीची बैठक बनवली आणि छत्रीवाल्याला नेऊन दिली. देताना एवढंच म्हणाला, "दुसऱ्यांच्या पायऱ्या मळवू नकोस."

आणि मग गंमत झाली. छत्रीवाला बैठक घेऊन दुकानात शिरायचा, मांडायचा, बसायचा आणि गप्पा सुरू करायचा. कुणाच्या घरी काय शिजलं इथपासून जगात काय चाललंय इथपर्यंत. पैशाचं अवाक्षर काढायचा नाही. उठायचाही नाही. दुकानदार शेवटी स्वतःच गल्ला उघडायचे. ज्यांनी वर्षानुवर्षं वर्गणी बुडवली होती त्यांनीही भरली. कापडवाला म्हणाला, "सरकारनं हा माणूस नेला तर देशात कर बुडवणारा शिल्लक राहणार नाही."

दर आठवड्याला सोफावाला भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहायचा: इतके आले, इतके झाडलोटीला, इतके दिव्याला. लोक फळ्यापुढं उभे राहून भांडायचे. झाडू इतक्या लवकर झिजतो कसा, यावर एकदा अर्धा तास वाद झाला. सोफावाल्याला ते भांडण फार आवडलं. पैसा कुठं जातो ते लोक बघत होते.

वर्ष संपलं तेव्हा शिल्लक उरली होती. असं मंडळात कधी झालं नव्हतं. बेकरीत सभा भरली. सोफावाल्यानं घसा साफ केला. आयुष्यभर ज्या वाक्याची त्यानं वाट पाहिली होती ते बोलायची वेळ आली होती. "तर माझा प्रस्ताव असा, की पुढच्या वर्षी सगळ्यांची वर्गणी कमी करावी."

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. बेकरीवाल्या बाई पिठाचे हात पुसत उभ्या राहिल्या.

"मला कमी नको," त्या म्हणाल्या. "मला संडास पाहिजे."

सभेत चुळबुळ झाली. बाई थांबल्या नाहीत. "तुम्ही पुरुष कुठंही आडोसा शोधता. आम्हाला बस स्थानकापर्यंत जावं लागतं. भट्टी सोडून जाता येत नाही, म्हणून मी दुपारपर्यंत पाणी पीत नाही. या गल्लीत आम्ही सात-आठ बायका आहोत. विचारा कुणालाही. घरातल्यांनाच विचारा आधी."

सोफावाल्यानं मान वळवून बायकोकडं पाहिलं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"तू पण?" त्यानं हळूच विचारलं.

"मग काय मशीन घेऊन जाऊ स्थानकावर?" ती म्हणाली. ती हसत होती, पण त्याच्याकडं बघत नव्हती.

गेली कित्येक वर्षं ती त्याच्या पाठीमागं चार हातांवर बसत होती. त्याची सगळी भाषणं तिनं ऐकली होती, आणि त्याला ही एक गोष्ट माहीत नव्हती. तो खाली बसला. मग पुन्हा उभा राहिला. "वर्गणी आहे तेवढीच राहील," तो म्हणाला. "कुणाची हरकत?" कुणाची नव्हती.

जागा मिळाली ती औषधांच्या दुकानामागं. गवंडी आला, फरशी आली, पाण्याची टाकी आली. कडी आतून नीट लागते की नाही हे सोफावाल्यानं स्वतः पाहिलं. आणि काम पूर्ण झाल्यावर नगरपालिकेकडून कळलं की व्यापारी जागेतलं बांधकाम म्हणून त्यावर कर लागणार. तेव्हा मात्र त्याची कळी खुलली. कितीतरी दिवसांनी हक्काचं भांडण मिळालं होतं. तो कचेरीत खेटे घालू लागला. "साहेब, संडास हा व्यापार असेल तर त्यातला नफा मला दाखवा," असं तिथल्या अधिकाऱ्याला विचारून आला. अधिकारी हसला, नियमांचं पुस्तक चाळत बसला आणि अखेर कर निम्मा झाला. पुरा गेला नाही याचं दुःख त्याला होतंच. पण निम्मा गेल्याचा अभिमान त्याहून मोठा होता. येईल त्या गिऱ्हाइकाला तो ही लढाई सांगायचा.

संडासाचा वापर सुरू होऊन आठवडा झाला असेल. दुपारी एक बाई लहान मुलीला घेऊन गल्लीत आली. ओळखीची नव्हती. मुलगी एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होती. बाईनं संकोचत विचारलं, "इथं आहे म्हणतात... जाऊ का? आम्ही इथल्या नाही."

सोफावाल्याच्या तोंडात खिळे होते. ना वर्गणी, ना ओळख. समोरच्या, आता नवा पत्रा घातलेल्या टपरीतून छत्रीवाला बघत होता. मागचं मशीनही थांबलं होतं.

त्यानं खिळे तळहातावर काढले आणि खुंटीवरची संडासाची किल्ली मुलीच्या हातात दिली. "पळ," तो म्हणाला. "औषधांच्या दुकानामागं. आणि बाहेर येताना एक बादली पाणी टाका हं."

मायलेकी गेल्यावर बायकोनं विचारलं, "ही फुकट मदत का?"

"फुकट कशी?" तो म्हणाला. "एक बादली पाणी घेतोय की."

त्यानं खिळे परत तोंडात टाकले आणि खुर्चीची कड ओढून धरली.