बसायची तालीम

आमचे आबा नऊ वर्षांचे असताना आज्यानं त्यांना आगाऊ घेतलेल्या उचलीच्या पैशापायी एका बागायतदाराच्या घरी गडी म्हणून ठेवलं. पाडव्याला साल संपायचं आणि त्याच पाडव्याला नवं लागायचं. अशी सोळा सालं काढून आबा सुटले. पुढं भिगवणच्या रस्त्याला त्यांनी उसाच्या रोपांची नर्सरी टाकली, दोन टेम्पो घेतले आणि राखीव जागेवरून पंचायत समितीत निवडून आले. लोक त्यांना मेंबर म्हणायला लागले. आई 'अवो'च म्हणायची.

निवडून आले ते रस्त्यापायी. पावसाळ्यात आमच्या वस्तीवरचं आजारी माणूस बाजेवर घालून उसातनं डांबरीपर्यंत आणावं लागायचं. रस्ता जाणार होता आबांच्या जुन्या मालकांच्या बांधावरनं. मालक वारले होते, पण त्यांचे चिरंजीव, आबांच्याच वयाचे धाकले मालक, तेही समितीत मेंबर होते. ते विरोधात होते, हे सांगायला नकोच.

सभेला मी आबांची फाईल सांभाळत मागं बसले होते. आदल्या दिवशीच आम्ही डोकी मोजून ठेवलेली, आमच्याकडं एक जास्त होतं. "ठरावाच्या विरोधात असतील त्यांनी उभं राहावं," असं सांगण्यात आलं. धाकले मालक उठले. त्यांच्या मागोमाग आबा उठले.

विचार करून उठले नाहीत. मालक उभे असताना गड्यानं बसायचं नसतं, एवढंच त्या अंगाला ठाऊक होतं.

"मला न्हाय उठायचं व्हतं," आबा म्हणाले.

"उठलात की," मोजणारा म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. ठराव एका मतानं पडला.

मला असला राग आला होता की टेम्पोत बसताना मी फाईल आपटली. आबा बोलले. "तीन म्हैन्यानं परत आणता येतुया. तवर शिकतो."

"काय शिकता?"

"बसायला."

दुसऱ्या दिवसापासून मी धाकले मालक झाले. नर्सरीच्या शेडात आबा खुर्चीत बसायचे. मी त्यांचीच टोपी घालून, हात मागं बांधून आत यायची आणि खाकरायची. आबा उठायचे.

"आबा, मी हाय."

"ठावं हाय. पुन्यांदा ये."

पहिला आठवडा मी पोट धरून हसले. दुसऱ्या आठवड्यात हसू येईना. एकदा त्यांनी मांडीवर रोपांचा ट्रे घेऊन बघितला. रोपं मातीत गेली आणि आबा उभे. त्या दिवशी मी शेडामागं जाऊन रडले.

तीन महिन्यांनी ठराव परत आला. धाकले मालक उठले आणि आबांकडं बघत जरा थांबले. आबांनी खुर्चीची कड अशी धरली होती की बोटं पांढरी पडली होती. पण बसून राहिले. रस्ता मंजूर झाला.

घरी आलो तर आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. आबांना बघून सूप बाजूला ठेवलं आणि उठून उभी राहिली. ती रोजच उठायची. मी जन्मल्यापासनं बघत होते आणि मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं.

आबांनी सूप उचलून परत तिच्या जागेपुढं ठेवलं.

"बस की," ते म्हणाले.

"असू द्या. सवय हाय."

"मोडंल," आबा म्हणाले. "मला तीन म्हैनं लागलं."