सिनेमाचा वाटा

आमच्या ठाण्याच्या कोळीवाड्यात जाळं भरून आलं की पहिला वाटा शेजारी जातो. चिवणी मासे रांधून दार लावून खाणारा माणूस आमच्यात कुणी जवळ करीत नाही.

मितेश काही होडीवर जाणारा नव्हे. वय सव्वीस, नौपाड्यात एसी दुरुस्तीच्या दुकानात नोकरी. पण वाटून खायची खोड अंगातच. सिनेमांच्या ॲपचे पैसे तो भरायचा नि पासवर्ड तीन घरांत चालायचा: त्याच्या, शेजारच्या गोदाकाकीच्या आणि कल्याणला राहणाऱ्या चुलतभावाच्या, सुदेशच्या.

एका रविवारी काकीच्या टीव्हीवर पाटी आली. हा टीव्ही तुमच्या घरातला नाही.

"घरातला नाय?" काकी भडकली. "ह्या मित्याला न्हाऊ मी घातलाय, आन यो मेला मना सांगतं घरातला नाय?"

मितेशला ते फार झोंबलं. पैसे त्याच्याकडे होते, तरी त्यानं भरायचं बंद केलं. आठवड्याभरात टेलिग्रामवर त्याला फुकटचं ॲप सापडलं. काल थेटरात लागलेला सिनेमा आज त्यात. मग घरोघर, कल्याणला सुदेशकडेही, चहा पीत त्यानं सतरा फोनांत ते स्वतःच्या हातानं बसवलं. ॲप विचारायचं, मेसेज वाचू? नंबर बघू? फोन चालवू? मितेश हो, हो दाबत सुटला.

अठरावा फोन धाकट्या बहिणीचा, दक्षताचा. शिकवण्या घेऊन तिनं स्वतःपुरता सिनेमांच्या ॲपचा मोबाइलवरचा स्वस्त प्लॅन घेतलेला.

"दादा, फुकट हाय तं त्याला आपले मेसेज कशाला पायजेत?"

"आपल्या मेसेजान हाय काय? बोंबील? तू बस एकटीच बगत."

"बसन की."

पंधरा दिवसांत गोदाकाकीचा फोन तापू लागला. कमरेला खोचलेला, तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखा. "चार्जर डुप्लिकेट आसंल," मितेश म्हणाला. मग तो फोन फळीवर पडल्या पडल्या उजळायचा. हात न लावता. काकी त्याच्यावर फडकं टाकायची.

काकीचा धंदा त्याच फोनावर. तीस वर्षं नौपाड्यात दारोदार मासळी विकली, आता रोज सकाळी आवाज भरून पाठवायची, "आज कोलंबी हाय, बोईट हाय," नि बाया आपापली मागणी सांगायच्या.

एका बुधवारी ती बोलायच्या आधीच तिच्या नंबरावरून काहीतरी गेलं. वर लिहिलेलं, आजचा भाव. नौपाड्याच्या सुहासिनीबाईंचा फोन आला, नवऱ्याच्या मोबाइलवरून.

"गोदा, तू पाठवलेलं उघडलं नि माझा फोन माझं ऐकेना. आपोआप चालतोय गं!"

"मी कायच धाडलं नाय, वयनी."

मितेशनं काकीचा फोन हातात घेतला. पडद्यावर नावं हळूहळू वर सरकत होती. एकेक नाव उघडे, भाव जाई, पुढचं नाव उघडे. कुणाला घाई नव्हती. मितेशनं बटण दाबून धरलं, फोन बंद होईना. शेवटी त्यानं तो काकीच्या मासळीच्या पाटीतल्या बर्फात खुपसला. तिथं तो विझला.

दुसऱ्या दिवशी मासळीची पाटी स्वतः उचलून तो काकीबरोबर नौपाड्यात गेला. सुहासिनीबाईंनी जाळीचं दार उघडलं नाही.

"तुझा नंबर सगळ्यांनी काढून टाकलाय, गोदा. ग्रुपवर तुझा फोटो फिरतोय. हिच्याकडून काही घेऊ नका म्हणून."

"मासली तरी? मासलीनं काय केलाय?"

"ह्यांना नको वाटतं."

चार बिल्डिंगा झाल्या. कोलंबी तशीच, वर बर्फाचं पाणी. काकीनं मितेशला शिवी दिली नाही. दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मित्या," ती जिन्यावर बसत म्हणाली, "तू आनखी कोनाकोनाच्या फोनान बसवलंय ता?"

मितेशनं तिथूनच आधी सुदेशला फोन लावला. ॲप काढ म्हणून सांगायला.

"मी तुनाच फोन करनार होतू," सुदेश हसत होता. "आज कल्याणच्या मार्केटान जो तो माजा अभिनंदन करतंय. मी म्हनं लग्नाची पत्रिका धाडली."

सुदेशचं लग्न ठरलेलं नव्हतं.

"कोनी उघडली?" मितेशनं विचारलं.

"उघडनार नाय तं काय? सगल्यांनीच."